शिट्टी वाजवून येणारा भूकंप

आमच्या घरात दुपार झाली हे घड्याळ सांगत नसे, मांडणीवरची भांडी सांगत. गावाच्या पूर्वेला एक टेकडी होती आणि तिच्यात गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान. जेवणं आटोपत आली की खदानीचा माणूस रस्त्यात लाल झेंडी धरून उभा राही आणि लांब शिट्टी वाजवी. ती आमच्या वाडीपर्यंत, म्हणजे घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्यापर्यंत, स्पष्ट ऐकू येई. शिट्टी थांबली की थोडी शांतता. आईला आम्ही माय म्हणत असू. माय त्या शांततेत डाळीच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण ठेवी आणि ताटांवर पदर धरी, कारण आता वरून माती पडणार हे ठरलेलं. मग खदानीत सुरुंग उडे, जमीन खालून कोणी ढकलावी तशी एकदा हले, धडाम असा आवाज त्याच्या मागून येई आणि मांडणीवरची पितळेची भांडी एकमेकांना लागून किणकिणत राहत. आधी हादरा, मग आवाज, हा क्रम मी लहानपणीच ध्यानात ठेवला होता. भिंत चढून छपराच्या कवेलूंपर्यंत हादरा पोचला की लाल मातीचे कण गळत. लाखोरीची डाळ, भात, भाजलेल्या भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी, आणि त्यावर कवेलूंची माती. ती बाजूला सारून आम्ही जेवत असू. पाहुण्यांना नवल वाटे, आम्हाला वाटत नसे. याचाच मला आज जास्त राग येतो. माणसाच्या ताटात माती पडते आहे आणि त्याला नवल वाटत नाही, इथपर्यंत माणसाला आणून सोडणं हे सुरुंगापेक्षा मोठं काम आहे.

घर मातीचंच होतं. समोर सपरी, म्हणजे ओसरी, आत दोन खोल्या, वर कवेलू. मागची भिंत खदानीच्या बाजूला. त्या भिंतीला लागून धानाची ढोली, बांबूची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली, आणि ढोलीच्या शेजारी माझ्या मोठ्या बहिणीची, शेवंताताईची खाट. ताई त्या वर्षी दहावीला होती. आमच्या घरात तोवर कोणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे तिला चुलीपासून सुट्टी होती आणि माझ्या वाट्याला दोघींचं काम. मी भांडत असे, पण मनातून मला तिचा अभिमान होता. संध्याकाळी ती पाठ त्या मागच्या भिंतीला टेकून मोठ्याने वाचत बसे. मी दोन वर्ग मागे असूनही तिची इतिहासाची उत्तरं मला पाठ होती. बाबा तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान करत. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की सुटत नसे. तो गुण माझ्यात आला आहे असं माझे घरचे म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत.

त्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे मराठवाड्यात भूकंप झाला. गावातले काही जण सांगत की त्यांनाही खाट हलल्यासारखी वाटली. मी झोपले होते, मला काही कळलं नाही, म्हणून ते मी माझ्या आठवणीत धरत नाही. रेडिओवर मात्र ऐकलं. दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली होती. कित्येक दिवस आमच्या सपरीत रेडिओभोवती माणसं बसत. शाळेत कापगते गुरुजींनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि आम्हाला भूकंप शिकवला.

त्या तासासारखा तास मला पुन्हा मिळाला नाही, हे मी रागातही कबूल करते. गुरुजी उंच, बारीक, आवाज खर्जातला. त्यांनी फळ्यावर नकाशा काढला आणि सांगितलं की आपण ज्याला जमीन म्हणतो ती एकसंध नाही. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेट म्हणतात, आणि जमीन काय, समुद्राचा तळ काय, सगळं त्या तुकड्यांवर बसून हळूहळू सरकतं आहे. किती हळू? आपली नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगाने. आम्ही सगळ्यांनी आपापल्या नखांकडे पाहिलं. आपली भारताची प्लेट उत्तरेकडे सरकते, तिकडच्या प्लेटमध्ये घुसते, आणि त्या रेट्याने हिमालय उचलला गेला, अजून उचलला जातो आहे. दोन तुकडे एकमेकांना घासताना अडकतात, ताण साठत जातो, आणि एक दिवस अडकलेलं सुटतं. ते सुटणं म्हणजे भूकंप. जिथे तुकडे दूर सरकतात, किंवा एक तुकडा दुसऱ्याच्या पोटाखाली जातो, तिथे खोलवर खडक वितळतो आणि फटीतून वर येतो, तो ज्वालामुखी. जगाच्या नकाशावर ज्वालामुखी आणि भूकंप यांचे ठिपके काढले तर बहुतेक ठिपके तुकड्यांच्या कडांवरच पडतात, जसे कापडाच्या शिवणीवर टाके. मग त्यांनी गृहपाठ दिला, तसा गृहपाठ कोणी देत नाही. म्हणाले, घरी जा, पेज शिजत असेल त्या गंजात बघा.

आमच्याकडे रात्री भाताची पेज असे, मीठ घालून, तोंडी लावायला सुकटीची चटणी. चुलीवरून गंज उतरवला की पेजेवर साय धरे. मी कंदील जवळ घेऊन बसले. खालून गरम पेज वर येत होती, कडेला जाऊन थंड होत होती, पुन्हा खाली जात होती, आणि वरची साय तिच्याबरोबर ओढली जात होती. एका जागी साय फाटली आणि फटीतून पांढरा बुडबुडा वर आला. दुसऱ्या जागी दोन तुकडे भिडले आणि सायीला सुरकुती पडली. मी ओरडले की हिमालय झाला. ताई पुस्तक टाकून आली, माय आली, बाबाही उठून आले. आम्ही चौघं गंजावर वाकून पाहत राहिलो आणि पेज पार थंड झाली. माय म्हणाली, "एवढी धरती गंजात मावली, आता गिळा तिले."

एक गोष्ट इथेच नीट करून ठेवते. खाली खोलवर जे आहे ते पेजेसारखं पातळ नाही. तो खडकच आहे, घट्ट, पण इतका तापलेला आणि इतका दाबाखाली की फार मोठ्या काळात तो वाहतो. हे मला पुढे वाचून कळलं. गुरुजींनीही त्या दिवशी सांगितलं होतं की उपमा ती उपमा. त्यांनी हेही सांगितलं होतं की सगळे भूकंप कडांवरच होतात असं नाही. तुकड्याच्या मधोमधही जुन्या भेगा असतात, त्यांच्यावरही ताण येतो. मराठवाड्यातला तसाच होता. म्हणजे माणसाने शिकवलं ते सगळं बरोबर शिकवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात एकही चुकीचं वाक्य नव्हतं. आणि तरी ते सगळं खोटं होतं.

दसऱ्याच्या सुमारास मागच्या भिंतीला भेग गेली. केसाएवढी होती तेव्हाच ताईने दाखवली, कारण तिची पाठ तिथे टेकत असे. मग तिच्यात काडी जाऊ लागली, मग माझं बोट. सुरुंग उडाला की भेगेतून भुसा गळावा तशी माती गळे. शेजारच्या कुसुमकाकीच्या घरी तीच गत, पलीकडच्या घरांतही. बाबा खदानीवर गेले. खदानीचा मालक नागपूरकडचा, त्याला आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. बोलायला मुनीम होता. मुनिमाने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की काका, दिवस भूकंपाचे आहेत, सगळ्या महाराष्ट्रात घरांना भेगा जाऊन राहिल्या, आमच्या छोट्याशा सुरुंगाने काय होते. बाबा ऐकून घेऊन परत आले. पण त्यांनी अर्ज केला, गावातल्या बाकीच्यांनीही अंगठे, सह्या केल्या.

अर्जावर तालुक्याहून उत्तर आलं ते ग्रामसभेच्या रूपाने. शाळेच्या पटांगणात सभा भरली. एका टेबलावर शाळेचा पृथ्वीगोल आणि टेबलामागे मुनीम, सरपंच आणि कापगते गुरुजी. गुरुजींनी आम्हाला शिकवला तोच धडा गावाला शिकवला. प्लेटा, नखांचा वेग, हिमालय, कडा, ताण. शेवटी म्हणाले की भूकंपाच्या लहरी दूरवर जातात, मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के बसत राहतात, तेव्हा गावकऱ्यांनी घाबरू नये आणि अफवा पसरवू नयेत. अफवा म्हणजे आमची भेग. लोक भारावून ऐकत होते. मीसुद्धा. माझा धडा, मला पाठ असलेला धडा, सगळं गाव ऐकत होतं आणि माझी मान उंच झाली होती.

कुसुमकाकी बायकांच्या घोळक्यातून उठली. तिची जीभ गावाला माहीत होती.

"गुरुजी, मले एकच सांगा जी. आंधळगावच्या बाजाराच्या दिवशी या प्लेटा कोठी जाते? त्या दिवशी काहून नाई हलत? त्याही बाजारात जाते का भाजी घ्यायले?"

सभा हसली. बाजाराच्या दिवशी खदान बंद असे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. विज्ञानाची थट्टा करू नका, अशाने आपण मागे राहिलो, असं काहीतरी ते म्हणाले आणि सभा मोडली. मला त्या दिवशी राग आला तो काकीचा. एवढा सुंदर धडा, आणि ही भाजीची गोष्ट काढते. दोन दिवस मी तिच्या घरी गेले नाही. मग एका दुपारी शिट्टी झाली, मायने गंजावर झाकण ठेवलं, आणि माझं लक्ष झाकण धरलेल्या तिच्या हाताकडे गेलं. हादरा अजून आलेला नव्हता. तो येणार हे तिला आधी ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, गंजालाही ठाऊक असावं. पेजेवरची साय कधी, कुठे फाटेल हे कितीतरी रात्री बघूनही मला एकदाही आधी सांगता आलं नव्हतं. काकीचा प्रश्न थट्टेचा नव्हता. सभेत विज्ञानाचा म्हणावा असा प्रश्न तो एकच होता.

मग गुरुजींना हे कळलं नाही का? कळलं होतं. शाळेला त्या वर्षी नवी खोली मिळाली होती, सिमेंटची, वर टिन, आणि तिची गिट्टी, टिन, मजुरी खदानीने दिली होती. त्याआधी दोन वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत आणि पावसात छप्पर गळलं की कोरडी जागा शोधत. ती खोली गुरुजींनी मागून आणली होती, पोरांसाठी. त्यांनी स्वतःच्या घरी एक खडाही नेला नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. पण खोली घेतली आणि जीभ दिली. आमच्या घरांच्या भिंती पाडून आमच्याच पोरांना खोली बांधून देण्यात कसला धर्म आहे, हे मला या वयापर्यंत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर कळलं की भिंती बघायला तालुक्याचे मोठे साहेब येणार. बाबांच्या अर्जाचा पाठपुरावा सुटला नव्हता. ते दर बाजाराला आंधळगावहून पुढे मोहाडीला, तालुक्याच्या कचेरीत, जाऊन येत होते. साहेब येणार ही बातमी गावात फिरली आणि मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. आमच्याकडे घर पोततात. पांढरी माती भिजवून, पातळ कालवून, कापडाच्या बोळ्याने भिंतीवर हात फिरवतात. सणाला पोततात, लग्नाला पोततात, आणि घरी मोठा माणूस येणार असेल तर पोततातच. न पोतलेल्या घरात पाहुणा बसवणं म्हणजे त्याला फाटक्या चटईवर बसवणं. दिवाळीला पोतलेलं होतंच, पण सुरुंगाने भेगा पुन्हा उघड्या पडल्या होत्या, आणि साहेब काय म्हणतील? साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका तलावाकाठच्या खड्ड्यावर पांढरी माती आणायला गेल्या. मी मायबरोबर टोपलं घेऊन होते. मायने आधी भेगांत शेण, माती आणि धानाचा भुसा कालवून दाबून भरला, मग पोतलं, मग खाली गेरूची रेघ ओढली. बाबा मोहाडीहून अंधार पडताना आले. कंदिलाच्या उजेडात घर असं पांढरं दिसत होतं की ते क्षणभर दारात थांबले आणि म्हणाले, बरं केलं. कोणाच्याही डोक्यात आलं नाही. ज्यांनी जन्मभर पाहुण्यासाठी घर झाकलं त्यांना उघडं दाखवायचं सुचणार कुठून?

साहेब जीपमधून आले, बरोबर मुनीम आणि गुरुजी. आमच्या सपरीत बसले. मायने आतून चहा आणि शिंगाड्याचा शिरा पाठवला. साहेब माणूस उर्मट नव्हता. त्यांनी शिऱ्याची तारीफ केली, आत जाऊन मागची भिंत पाहिली, तिच्यावर तळहात फिरवला आणि तळव्याला लागलेली पांढरी माती झटकत बाहेर आले.

"भिंती तर उत्तम आहेत तुमच्या," ते बाबांना म्हणाले. "तडा कुठे आहे?"

तेव्हा बाबांना कळलं. त्यांचा चेहरा मी बघितला आहे. ते म्हणाले, खाली हाये साहेब, पोतल्याच्या खाली. साहेब म्हणाले, मी दिसतं ते लिहितो, पोतल्याखालचं मी कसं लिहू? बाबा कोपऱ्यातली खुरपी घ्यायला उठले तर मुनीम म्हणाला, साहेबांना अजून चार घरं बघायची आहेत. आणि तेवढ्यात गुरुजींनी मला पुढे केलं. आमची हुशार विद्यार्थिनी, म्हणाले. भूकंप कशाने होतो ते साहेबांना सांग.

मी सांगितलं. सगळं, एकही शब्द न चुकता. साहेबांना खरोखर आनंद झाला. त्यांनी शाब्बास म्हटलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "बघा, एवढ्याशा मुलीला कळतं ते तुम्हाला कळत नाही."

माझे बाबा, ज्यांनी पेजेचा गंज थंड होईपर्यंत माझ्या शेजारी वाकून धरती पाहिली होती, ते खाली मान घालून उभे होते. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी बसले नाही.

"मग साहेब, आमच्या गावचा भूकंप शिट्टी वाजवून काहून येते जी?"

मुनीम हसला. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मला म्हणाले, "बस खाली." एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दारातून दिसणाऱ्या मांडणीवरच्या भांड्यांकडे पाहिलं. मी सात वर्षं त्यांच्याकडे शिकत होते, आणि प्रश्न विचारल्याबद्दल त्यांनी मला पहिल्यांदा खाली बसवलं. जीप गेली. मग माय आत सरळ मागच्या भिंतीपाशी गेली आणि नखाने पोतलेलं खरवडू लागली. पांढरा थर सुटला, खालचा भुसा सुटला, आणि भेग जशीच्या तशी दिसली. "म्याच बुजवली वो," ती ताईला म्हणाली. "म्याच बुजवली."

माघ संपत आला होता. थंडी ओसरलेली, पाऊस महिन्यांपूर्वी गेलेला. हे मी सांगते, कारण पावसाळा असता तर पावसावर ढकललं असतं. घरात लाखोरी आली होती. ताईची परीक्षा तोंडावर होती, तरी मायला मदत म्हणून ती दुपारी वाडीच्या अंगाला, मागच्या भिंतीच्या सावलीत, लाखोरीचं सूप घेऊन बसली. पुस्तक बाजूला उघडं. मी आत होते. शिट्टी झाली. मी आतून ओरडले की ताई, आत ये. ती म्हणाली, आली, एवढं सूप पाखडून. हादरा आला, आवाज आला, आणि या वेळी तिसराही आवाज आला, जड, मऊ, पोतं टाकावं तसा. ढोलीच्या मागे एकदम उजेड पडला. भिंत नव्हती. ताई उठायला गेली असावी, म्हणून डोकं वाचलं. डावा पाय गुडघ्याखाली मातीत होता. आम्ही हातांनी माती काढली, मी, माय आणि कुसुमकाकी. टाचेचं हाड चिरडलं होतं. भंडाऱ्याला नेलं, मग नागपूरला. पाय राहिला, पण टाच पुन्हा जमिनीला नीट टेकली नाही. दहावीच्या पहिल्या पेपरचा दिवस तिने दवाखान्याच्या खाटेवर पडून छताकडे बघत काढला. पुन्हा ती परीक्षेला बसली नाही.

मुनीम बघायला आला. म्हणाला, भिंत फार जुनी होती. काल भूकंप, आज जुनी भिंत. एकच भिंत दिवाळीनंतर उत्तम आणि माघात जुनी. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं आहे, तांदळाच्या गिरणीत आवकजावक जुळवली आहे, पण असा ताळा मी पुन्हा पाहिला नाही.

गुरुजीही आले. सपरीत न बसता अंगणातच उभे राहिले. मायने त्यांना पाणी दिलं, चहा विचारला नाही. आमच्या घरी हे कोणाच्याही बाबतीत पहिल्यांदा झालं. मग म्हणाले की मी चुकीचं काही शिकवलं नाही. मी दाराआड होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण उत्तर दिलं ते खाटेवरच्या ताईने, पुस्तक वाचायची त्याच आवाजात.

"धडा बरोबर होता गुरुजी. पण तो आमच्या भिंतीचा नव्हता."

ते गेले. वर्षभराने त्यांची बदली झाली. मी त्यांना पुन्हा भेटले नाही आणि भेटावंसं वाटलंही नाही. जग, नकाशे, पुस्तकं यांचं दार मला त्यांनी उघडून दिलं हे खरं आहे. त्या दाराशी त्यांनी मला खाली बसवलं हेही खरं आहे. पहिल्याने दुसरं वजा होत नाही.

पुढल्या दिवाळीच्या आधी, बोअरिंगवर पाणी भरताना, मायने बायकांना सांगितलं, "यंदा आमच्या घरी पोतणं नाई." बायका चपापल्या. आमच्याकडे दिवाळीला घर पोतायचं राहतं ते फक्त सुतकात. कुसुमकाकीने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, मंग आमच्याही घरी नाई. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी सभा घेतली नाही. त्या दिवाळीला खदानीच्या अंगाची सगळी घरं काळपट, भेगाळ, मातीची माती उभी होती आणि त्यांच्या उंबऱ्यांवर पणत्या. सानगडीहून मामा आला तो दारातच दचकला आणि हळूच विचारू लागला, कोण गेलं वो? माय म्हणाली, "कोणी नाई गेलं. साहेब येणार हाये."

साहेब आले, दिवाळीनंतर, दुसरे. बाबांनी तोवर मोहाडी सोडून भंडाऱ्याची जिल्हा कचेरी धरली होती. या साहेबांना काही शिकवावं लागलं नाही आणि त्यांनी कोणाला धडा म्हणायला लावला नाही. काकीच्या भिंतीत त्यांचा पंजा मनगटापर्यंत गेला. शिट्टी झाली तेव्हा ते आमच्याच सपरीत होते, हातात कप. हादऱ्याने चहा बशीत सांडला. त्यांनी कप खाली ठेवला आणि लिहिलं. खदान काही महिने बंद राहिली, मग लहान सुरुंगांची अट घालून सुरू झाली, मग लहान सुरुंग हळूहळू मोठे झाले. आम्ही जिंकलो असं मी लिहिणार नाही. ताईच्या टाचेचं कोणी काही दिलं नाही. खदान शेवटी बंद पडली ती दगड संपला म्हणून. आता तिथे खोल पाण्याचा खड्डा आहे, त्यात कोणीतरी मासे सोडले आहेत, आणि गावाला बाहेरून आलेले लोक विचारतात, हा तलाव किती जुना?

मी लग्न होऊन भंडाऱ्याला आले, नदीच्या अलीकडे. गच्चीवरून कारध्याचा पूल दिसतो. माय, बाबा गेले. गावचं घर ताईने विटांचं करून घेतलं, शिवणकामाच्या जोरावर. दिवाळीला ती आजही पोतते, म्हणजे आता रंग देते, पण मागच्या भिंतीचा एक पट्टा कोरा सोडते, ढोली होती तिथला. रंगारी दरवेळी विचारतो, ती दरवेळी सांगते की राहू दे. त्या दिवाळीनंतर पुन्हा पोतायला लागल्यावर माय तसंच करत असे, म्हणून ही करते.

यंदा माझी मुलगी सुट्टीत मावशीकडे होती. तिच्या पुस्तकात प्लेटांचा धडा आला आहे, रंगीत नकाशासकट, आणि मोबाईलवर तर खंडं सरकताना दिसतात. ती ते मावशीला दाखवत होती. ताईने मोबाईल बघितला, उठली, टाच उचलून चालत चुलीपाशी गेली आणि पेजेचा गंज उतरवून तिच्यासमोर ठेवला. दोघी गंजावर वाकल्या. साय फाटली, बुडबुडा आला. मी दारात उभी होते. इतक्या वर्षांनी मला त्या पेजेचा राग आला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्या बिचाऱ्या सरकत्या धरतीने आमचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. तिच्या नावावर फक्त आळ घातला गेला होता.

मुलीने विचारलं, "मावशी, आपल्याकडे येऊ शकतो का गं भूकंप?"

"येऊ शकते ना बाई. धरती हाये, हलल कधी तरी."

"मग तो खराच आहे हे कसं कळणार?"

ताईने सायीचा तुकडा बोटाने बाजूला सारला.

"त्याच्या आधी कोणी शिट्टी नाई वाजवत."